वरोऱ्याची जुनी खदान कुठे गेली?

प्रश्न : माझे पणजोबा वरोऱ्यालगतच्या एका खेड्यातले. गेल्या दिवाळीत तिथल्या नातेवाइकांकडे गेलो असता गावाबाहेर ज्या जागेला लोक ‘जुनी खदान’ म्हणतात ती मुद्दाम पाहून आलो. खदान म्हणावे असे तिथे काहीच उरलेले नाही. बाभळीचे रान, एक खोलगट तळे, लालसर खड्यांचा ढिगारा आणि शेतांमधून सरळ जाऊन एकदम संपणारा मातीचा भराव, एवढेच आहे. पणजोबा तिथे कोळसा काढत आणि पणजीही त्यांच्याबरोबर खाली उतरत असे, असे आमच्या घरात सांगतात. ही खदान कोणाची होती, ती केव्हा आणि का बंद पडली, पणजीची गोष्ट खरी असू शकते का, आणि आजच्या नकाशावर या जागेचा मागमूस का नाही? ढिगाऱ्यातला एक तुकडा सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी आपण पाठवलेल्या तुकड्याविषयी लिहितो, कारण पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत. गेला आठवडाभर तो माझ्या टेबलावर आहे आणि कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाने तो विटेचा तुकडा समजून बाजूला सरकवला आहे. दिसायला तो तसाच आहे. रंग जुन्या कौलासारखा आहे, आकाराच्या मानाने वजन कमी आहे आणि दुसऱ्या दगडावर हलकेच आपटला तर भाजलेल्या मडक्यासारखा खणकन वाजतो. मात्र विटेला थर नसतात. या तुकड्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्यांतल्या एका पापुद्र्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा अर्धा ठसा आहे. मधली शीर ठळक आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी पसरलेली आहे.

हे ग्लॉसोप्टेरिसचे पान आहे. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकमेकांना जोडलेले असताना, या झाडांची दलदलीतली राने या साऱ्या प्रदेशांत होती, आणि आपल्याकडचा बहुतेक दगडी कोळसा त्यांच्याच गाडल्या गेलेल्या अवशेषांचा बनलेला आहे. (१९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत घसरगाडीवर ओढत आणलेल्या दगडांतही हेच पान सापडले होते. आपल्या पणजोबांच्या गावाचा आणि त्या बर्फाचा असाही एक संबंध आहे.) आपला तुकडा मुळात लाल नव्हता. कोळशाच्या थराला लागून असणारा हा करडा, मातकट शेल खडक आहे. कोळशाबरोबर तो वर आला, जळण म्हणून निरुपयोगी ठरल्यामुळे ढिगाऱ्यावर फेकला गेला, आणि पुढे ढिगाऱ्यातली कोळशाची भुकटी आपोआप पेटल्यामुळे तिथेच भट्टीत भाजावा तसा भाजला गेला. त्यामुळे आपल्या शिवारात कोळशाची खाण होती याचा तो पुरावा आहे, आणि ती का टिकली नाही याचाही थोडाफार आहे.

वरोरा म्हटले की पुण्याच्या वाचकाला आनंदवन आठवते. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत, वरोऱ्याचे नाव मध्य प्रांतात कोळशासाठी घेतले जाई. आपण सांगता तो काळ आणि ती जागा पाहता आपली ‘जुनी खदान’ ही वरोऱ्याच्या सरकारी खाणीचाच भाग असणार. ही खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. ती कोणा सावकाराची किंवा कंपनीची नव्हती, खुद्द सरकारचीच होती, आणि त्याला कारण होते. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली होती आणि तिच्या इंजिनांना लागणारा कोळसा एक तर बंगालमधून लांबच्या वाटेने आणावा लागे किंवा इंग्लंडहून बोटीने मुंबईला उतरवून पुढे न्यावा लागे. अशा वेळी वर्धा नदीच्या खोऱ्यात, हिंगणघाटच्या कापसाच्या बाजारापासून फार दूर नसलेल्या जागी कोळसा लागला, तेव्हा सरकारने खासगी भांडवलाची वाट न पाहता स्वतःच खाण उघडली आणि तिच्यासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत सुमारे ७० किलोमीटरचा रेल्वेमार्गही टाकला. या मार्गाच्या नावातच कोळसा होता. ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे ते नाव होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ह्यूज यांनी या साऱ्या कोळसाक्षेत्राची तपशीलवार पाहणी करून १८७७ मध्ये ती प्रसिद्ध केली.

शेतातून सरळ जाऊन एकदम थांबणारा आपला भराव बहुधा या मार्गाला जोडणाऱ्या साइडिंगचा, म्हणजे खाणीपर्यंत नेलेल्या जोडरुळांचा, असावा. खेड्यातला रस्ता झाडाला, विहिरीला, कुणाच्या बांधाला वळसा घालत जातो. रुळांसाठी घातलेला भराव असा वळत नाही, त्याचा चढ-उतार अगदी सौम्य असतो आणि रुंदी एका रुळमार्गापुरतीच असते. पुन्हा जाणे झाले तर त्याच्या दोन्ही टोकांना उभे राहून पाहावे. एक टोक मुख्य मार्गाच्या दिशेला आणि दुसरे ढिगाऱ्याच्या दिशेला निघाले तर शंकेला फारशी जागा उरणार नाही.

या खाणीशी जमशेटजी टाटांचे नाव दोनदा जोडलेले आहे. आपली एम्प्रेस मिल ही कापडगिरणी त्यांनी मुंबईत न काढता नागपूरला काढली आणि ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्यामागे कापूस जवळ होता आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ होता, हा हिशेब होता. दुसरा प्रसंग निराशेचा आहे. १८८२ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहारा येथील लोहखनिजाविषयीचा एका जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि पोलादाचा कारखाना याच भागात काढावा असे त्यांच्या मनात आले. खनिज उत्तम होते, पण त्याच्या शेजारचा कोळसा म्हणजे वरोऱ्याचा, आणि त्याचे नमुने तपासल्यावर तो पोलादाच्या भट्टीसाठी चालणार नाही असे ठरले. भट्टीला लागणारा कोक बनण्यासाठी कोळसा तापल्यावर मऊ होऊन पुन्हा घट्ट, सच्छिद्र ढेकूळ व्हावा लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा तसा होत नाही, तो नुसता जळून राख होतो. इंजिनाच्या बॉयलरला तो चालत असे, पोलादाला नाही. पुढे टाटांचा कारखाना कुठे झाला हे सर्वांना ठाऊक आहे. जमशेदपूरऐवजी ते शहर चांदा जिल्ह्यात वसले असते, असे म्हणण्याचा मोह वैदर्भीय मित्रांना होतो आणि तो अगदीच अनाठायी नाही.

आता खाण का बंद पडली, हा आपल्या पत्रातला मुख्य प्रश्न. कोळसा संपला म्हणून खाण बंद पडली, असे उत्तर बहुतेक ठिकाणी दिले जाते आणि ते अर्धेच खरे असते. जमिनीखालचा कोळसा काढण्याची त्या काळची रीत अशी होती, की उभी विहीर खणून थरापर्यंत जायचे, थरातच एकमेकांना छेदणारे आडवे बोगदे काढायचे आणि मधले चौकोनी भाग वरचे छत तोलण्यासाठी खांब म्हणून तसेच ठेवायचे. पहिल्या फेरीत फार तर एक तृतीयांश कोळसा हाती येई. बाकीचा खांबांच्या रूपात खाली राही, आणि खाण खऱ्या अर्थाने संपवायची तर नंतर उलट मागे मागे सरकत एकेक खांब काढून छत पाडत यावे लागे. वर्धा खोऱ्यात कोळशाचा थर काही ठिकाणी १५ मीटरपेक्षाही जाड आहे. ऐकायला ही चैन वाटते, पण उंच खांब आणि उंच छत सांभाळणे हे पातळ थराच्या खाणीपेक्षा फार अवघड काम असते. वरच्या वजनाने खांबांच्या कडा चिरडतात, भेगा पडतात, आणि भेगांतून हवा आत शिरते.

हवा शिरली की दुसरे संकट सुरू होते. उघडा पडलेला कोळसा हवेतला प्राणवायू हळूहळू शोषतो आणि तसे होताना थोडी थोडी उष्णता बाहेर पडते. वारा भरपूर असेल तर ती वाहून जाते, वारा मुळीच नसेल तर प्राणवायूच मिळत नाही. चिरडलेल्या खांबाच्या आतली स्थिती या दोहोंच्या मधली असते. उष्णता साठत जाते आणि काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच, कोणी काडी न लावता खांब आतून पेटतो. वर्धा खोऱ्याचा कोळसा ओलसर आणि कमी प्रतीचा असल्यामुळे तो या बाबतीत विशेष उतावळा आहे. आजही या भागातल्या खुल्या खाणींत आणि साठ्यांवर धूर दिसतो. जुन्या खाणकामगारांना आगीची चाहूल धुराआधी लागत असे. छताला घाम फुटल्यासारखे पाण्याचे थेंब दिसत आणि रॉकेलसारखा उग्र वास येई. मग विटांच्या भिंती घालून तो भाग कोंडायचा किंवा पाणी सोडून बुडवायचा, एवढेच उपाय हातात असत, आणि दोन्हींत तिथला कोळसा कायमचा सोडून द्यावा लागे. वरोऱ्याची खाण ऐन भरात वर्षाला लाख टनांच्या घरात कोळसा देत होती. पण १९०६ पर्यंत सहज काढता येण्याजोगा कोळसा संपत आला होता, आणि जो उरला होता तो धसणाऱ्या आणि पेटणाऱ्या खांबांत होता. सरकारने खाण बंद केली. कोळशाचे काम आणखी दक्षिणेला बल्लारपूरकडे सरकले आणि पाठोपाठ रेल्वेही. वर्ध्याहून येऊन वरोऱ्याला संपणारा तो फाटा पुढे वाढत जाऊन अखेर १९२९ मध्ये काझीपेठला जोडला गेला. आज दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या वरोऱ्यावरून धडधडत जातात, त्या मार्गाचा हा तुकडा मुळात आपल्या पणजोबांनी काढलेला कोळसा वाहून नेण्यासाठी टाकलेला होता.

आपण पाहिलेले तळे हे अशाच एखाद्या धसणीचे किंवा बुजलेल्या विहिरीचे असावे. इथे एक सूचना काळजीपोटी देतो. अशा जागी गुरे पोहणीला सोडू नयेत, काठ भरवशाचा नसतो. शेजारी एखादे बिळासारखे तोंड उघडे असेल तर टॉर्च घेऊनसुद्धा आत डोकावू नये. कोंडलेल्या जुन्या खाणीतल्या हवेत प्राणवायू नाममात्र उरलेला असतो आणि तिला वास नसल्यामुळे ते उमगत नाही. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडची रीत याच अनुभवातून आलेली आहे.

पणजीची गोष्ट खरी असण्यात काहीच अडचण नाही. भारतातला पहिला खाण कायदा १९०१ चा. त्याआधी खाली कोणी उतरावे यावर देशभरासाठी कसलाच निर्बंध नव्हता, आणि त्यानंतरही स्त्रियांना मज्जाव नव्हता. नवऱ्याने थरातून कोळसा फोडायचा आणि बायकोने तो पाटीत भरून वाहायचा, अशी जोडीने कामे करण्याची पद्धत त्या काळच्या भारतीय खाणींत सर्रास होती आणि मजुरीही पुष्कळदा जोडीचीच धरली जाई. स्त्रियांना भुयारी कामातून वगळण्याचा नियम १९२९ मध्ये झाला, तोही टप्प्याटप्प्याने, आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडताच १९४३ मध्ये हीच बंदी उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा घातली गेली. वरोऱ्याची खाण या साऱ्याच्या आधीच बंद झाली होती. घरातल्या आठवणी तारखांच्या बाबतीत घसरतात, पण कोण काय काम करत होते याबाबतीत बहुधा पक्क्या असतात, असा या सदराचा आजवरचा अनुभव आहे.

राहिला नकाशा. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७० च्या दशकाच्या आरंभी झाले आणि विदर्भातल्या चालू खाणी नागपूरच्या वेकोलिकडे (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीकडे) आल्या. जी खाण त्याआधी साठेक वर्षे बंद होती ती हस्तांतरित होण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे वेकोलिच्या चालू खाणींच्या यादीत आपली खदान सापडणार नाही. याचा अर्थ कागद नाहीत असा मात्र नाही. १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटियर खाण बंद झाल्यानंतर तीनच वर्षांनी निघाले आहे, तेव्हा तिथून सुरुवात करावी. पुण्यात बसून काम करायचे असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जुन्या सरकारी अहवालांचा मोठा साठा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मात्र या कामासाठी चकरा मारू नयेत. ते पेशवे दप्तराचे घर आहे आणि मध्य प्रांताचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतात. गावाकडे तलाठ्याकडून जुना गावनकाशा मिळाला तर त्यात रेल्वेच्या किंवा सरकारच्या नावे असलेली एखादी लांबट, चिंचोळी पट्टी दिसते का ते पाहावे. जमीन कसणाराचे नाव बदलते, पट्टीचा आकार सहसा बदलत नाही.

हे कागद शोधणे केवळ हौशीचे काम नाही. सोडून दिलेल्या खाणीत पाणी भरते आणि ते कोठवर भरले आहे हे कागदावर नसेल तर शेजारून नवे बोगदे काढणाऱ्यांना ते कळत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत डिसेंबर १९५४ मध्ये असेच पाणी शिरून साठहून अधिक माणसे गेली, आणि २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे सुमारे पावणेचारशे. खाण बंद करताना तिचा शेवटचा नकाशा खाणसुरक्षा खात्याकडे देण्याची सक्ती कायद्यात आहे ती एवढ्यासाठीच.

आपला तुकडा कापसात गुंडाळून परत पाठवत आहे. पानाचा पापुद्रा आता जवळजवळ सुटला आहे, तेव्हा पाकीट ताटावर धरून उघडावे.

प्रश्न : आमच्या मुळशी तालुक्यातल्या गावाच्या वरच्या रानात ‘कोळशाची खाण’ नावाची जागा आहे. माती काळीभोर आहे आणि उकरले तर कोळसा निघतो. पूर्वी इथे इंग्रजांची खाण होती असे गावात म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, पौड

उत्तर : इंग्रजांची खाण असण्याचा संभव नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे, आणि लाव्ह्यात कोळसा असत नाही. बेसाल्टच्या खाली वर्धा खोऱ्यासारखे कोळशाचे थर दडलेले असतील का, ही शंका मात्र रास्त आहे. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर एकदम पायाचा ग्रॅनाइटी खडक लागला, मधे गाळाच्या खडकाचा थरच नव्हता. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात सुमारे ३४० मीटरवर बेसाल्ट संपला आणि मधे जेमतेम काही मीटर गाळ मिळाला. पश्चिम महाराष्ट्रात कोळशाशी दूरचे नाते सांगता येईल असे काही असेल तर ते कोकणात. रत्नागिरीकडे विहिरी खणताना जांभ्याखालच्या निळसर चिकणमातीत लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या कोळशाचे, काळपट तुकडे लागतात.

आपल्या रानातली जागा बहुधा लोणारी कोळशाच्या भट्टीची आहे. लाकडे रचून, त्यांवर पाला आणि माती लिंपून, हवा तोडून ती धुमसत ठेवायची आणि थंड झाल्यावर कोळसा उकरून काढायचा, हे काम सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर मुख्यतः कातकरी कुटुंबे करत, आणि पुण्यातल्या वाड्यांतल्या शेगड्या या कोळशावर चालत. कोळसा उकरून काढायचा असल्यामुळे त्या जागेला ‘खाण’ म्हटले गेले असावे. खात्री करायची असेल तर एक तुकडा वाळवून पाण्यात टाकावा. दगडी कोळसा बुडतो आणि फोडला तर त्यात चकचकीत व मंद असे आडवे पट्टे दिसतात. लोणारी कोळसा तरंगतो, आणि नीट पाहिले तर त्यात लाकडाची वर्तुळे मोजता येतात.